पडद्याआडचे हात

गुनसान बंदर
३ ऑक्टोबर १९५३

विहीणबाई ओकबुन यांना योम दकसूनचा प्रभूमध्ये सलाम.

सोबत समुद्री शेवाळाच्या दोन मोठ्या जुड्या पाठवल्या आहेत. सनयेला अजून महिनाभर तरी त्याचं सार रोज द्या. बाळंतिणीच्या बाबतीत सासरची माणसं पंधरवड्यात हात आखडता घेतात, हे मी स्वतः सोसलेलं आहे. तुम्ही तशा नाही, पण लिहून टाकलेलं बरं. मडक्यात खारवलेली कोळंबी आहे, ती तुमच्यासाठी. यंदा अगदी बारीक आणि गुलाबी मिळाली. कोबी खारवाल तेव्हा किमचीत घाला, माझी आठवण काढा आणि मडकं परत पाठवा.

आता मुद्द्याचं. दुकानात बसलं की बंदरावरची आणि सपाटीवरची, दोन्हीकडची बातमी आपल्या पायांनी चालत येते. परवा तुमच्या बाजूची एक तांदूळवाली आली होती. म्हणाली, सोंगदामच्या तरुण पाळकांनी पवित्र शास्त्राच्या वर्गात सांगितलं की शास्त्रातली पहिली पाच, मोशेची पुस्तकं मोशेने लिहिलेलीच नाहीत. मी मासळी तोलत होते, तागडी तशीच हातात राहिली. सोंगदामचे तरुण पाळक म्हणजे माझे जावई की हो!

लग्न ठरवायला आलात तेव्हा तुम्ही म्हणालात, मुलगा सोलला पाळकांच्या पाठशाळेत शिकला आहे, चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ ताकांचा मुलगा आहे, डोळे मिटून मुलगी द्या. मी दिली. त्या पाठशाळेत असलं काही शिकवतात हे मात्र तुम्ही सांगितलं नव्हतंत. आता तर देशभरच्या मंडळ्यांच्या महासभेनेच ठराव केला आहे की तिथे शिकलेल्या पाळकांनी शास्त्रात एकही चूक नाही असं लिहून द्यावं, नाहीतर मंडळी सोडावी.

तेव्हा जावईबापूंना सांगा, निमूटपणे लिहून द्या. त्याआधी माझ्या नातवाच्या कपाळावर त्यांच्या हातचं बाप्तिस्म्याचं पाणी पडता कामा नये. लिहून देणार नसतील, तर सनयेला आणि बाळाला मी इकडे घेऊन येईन. मागची खोली रिकामीच आहे.

राग मानू नका. मानलात तरी मी शब्द बदलणार नाही.

तुमची,
योम दकसून


सोंगदाम
१४ ऑक्टोबर १९५३

दकसूनबाई,

तुमचं शेवाळ आणि तुमचं पत्र एकाच दिवशी मिळालं. शेवाळ फार गोड निघालं. पत्राबद्दल तसं म्हणता येणार नाही, पण वाचून हसू मात्र आलं. सनयेला दोन वेळा सार देते, आणि उरलेलं मी पिते, तेही सांगून टाकते. मडकं परत पाठवलं आहे, त्यात आमच्या वाळवलेल्या मिरच्या आहेत. तुमच्या जिभेला तिखटाची गरज नाही, पण किमचीला लागेल.

तुमच्या तांदूळवालीने अर्धंच सांगितलं. झालं असं. वर्गात म्हाताऱ्या पांगआजोबांनी विचारलं, ‘पाळकसाहेब, मोशे मेला, त्याला पुरलं, लोक महिनाभर रडले, हे सगळं मोशेच्याच पुस्तकात आहे. मग हे त्याने लिहिलं कधी?’ आमचा युनमो म्हणाला, ‘तेवढं कुणीतरी मागाहून लिहिलं असणार. बाकीच्या भागालाही जुन्या माणसांचे बरेच हात लागलेले दिसतात. पण वचन देवाचंच आहे.’ पांगआजोबा खूश झाले, चाळीस वर्षं ही शंका पोटात धरून बसले होते म्हणे. आणि माझे यजमान उठले नि जोडे घालून बाहेर गेले.

आम्ही बायकांनी हे सगळं ऐकलं, पाहिलं नाही. तुम्ही लग्नात बघितलंच आहे आमचं चर्च, काटकोनात बांधलेलं. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला आम्ही, कोपऱ्यात व्यासपीठ, आणि आमच्या बाजूच्या तोंडावर तो पांढरा पडदा. पाळक उभा राहतो तेवढ्या जागेवरूनच काय ती दोन्हीकडची माणसं दिसतात. जोड्यांचा आवाज आला आणि मी ओळखलं, आज घरी जेवण गार होणार.

आता माझं ऐका. माझी आई गेली तेव्हा प्रेतापुढे धरायच्या शोकध्वजावर तिचं नाव मी लिहिलं. मेलेल्या बाईने स्वतः लिहिलं नाही म्हणून ती माझी आई नव्हती का? मला तर युनमोच्या बोलण्यात भिण्यासारखं काही दिसत नाही. माझे यजमान म्हणतात, एक वीट काढली की भिंत जाते. युनमो म्हणतो, बाबा, ही भिंत नाही, झाड आहे. बापलेक एकाच चटईवर जेवतात आणि बोलतात माझ्यामार्फत. ‘त्याला सांग, मीठ दे.’ मीठ यांच्याच हाताशी असतं!

पण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात मंडळीचं मत घ्यायचं आहे, पाळक ठेवायचा की महासभेचा ठराव पाळायचा. युनमो खोटं लिहून देणार नाही. म्हणजे ठराव पाळला की त्याला गाव सोडावं लागणार. माझा धाकटा मुलगा नाकदोंग नदीच्या काठी लढाईत पडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा एकच उरला आहे. हाही गेला, सून गेली, बाळ गेलं, तर मी आणि माझे यजमान मीठ कुणामार्फत मागणार?

बाळ तुमच्यावर गेलं आहे. भूक लागली की साऱ्या सोंगदामला कळतं.

तुमची,
मो ओकबुन


गुनसान
२८ ऑक्टोबर १९५३

ओकबुनबाई,

झाड म्हणा, भिंत म्हणा. ज्याला समुद्र दुभंगता येतो त्याला मोशेच्या कानात चार ओळी आधी सांगता येत नाहीत? पांगआजोबांची शंका मी एका श्वासात फेडली असती.

मी एरवी सांगत नाही ते आज लिहिते. जपानी शिपाई आले तेव्हा माझ्या यजमानांना एवढंच म्हणाले होते, की आमच्या देवस्थानापुढे मान वाकव, क्षणभर वाकव आणि घरी जा. गुनसानचे शिकलेसवरलेले लोक घरी येऊन समजावत होते. हा नुसता नागरिकाचा रिवाज आहे, शास्त्र इतकं शब्दशः घ्यायचं नसतं, बायकोमुलीकडे बघा. माझ्या यजमानांनी शब्दशः घेतलं. जोन्जूच्या तुरुंगातून मी त्यांना हातगाडीवर घालून आणलं. सनये तेव्हा नऊ वर्षांची होती आणि गाडीला मागून हात लावून चालत होती. ‘शास्त्र तसं घ्यायचं नसतं’ हे ज्यांच्या तोंडून मी ऐकलं, ते सगळे त्या दिवशी आपापल्या घरी गरम भात खात होते.

मी अठ्ठाविसाव्या वर्षी अक्षरं शिकले, ती शास्त्र वाचायला. दुसरं पुस्तक मला ठाऊक नाही. तुमच्या मुलाने त्या अक्षरांना हात लावला की मला हुडहुडी भरते. तो माणूस वाईट नाही. सनयेने लिहिलं आहे की बाळाची दुपटी तो स्वतः विहिरीवर धुतो आणि गावातले पुरुष हसले तरी ऐकत नाही. असा जावई मला कुठे मिळणार होता? पण दुपटी धुतली म्हणून शास्त्र धुवायचा अधिकार मिळत नाही.

मताच्या दिवशी मी उपास करणार आहे, तुम्ही हरावं म्हणून. पाठीमागे करण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं. मागच्या खोलीच्या जमिनीला नवा तेलकागद लावून घेतला आहे. बाळासाठी छोटी रजई भरायला टाकली आहे.

तुमच्या मिरच्या मात्र नाव काढण्यासारख्या आहेत.

दकसून


सोंगदाम
२४ नोव्हेंबर १९५३

दकसूनबाई,

तुमचा उपास फळाला आला. आता पोटभर जेवा.

आमच्याकडे हिवाळ्याच्या किमचीची घाई चालली आहे. सारं गाव कोबी चोळतं आहे आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत जळताहेत, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घ्या. रडल्यामुळे नाही. मी रडलेली नाही.

रविवारी मत झालं. युनमोला बाहेर थांबायला सांगितलं, कारण विषय त्याचाच होता. म्हणून यजमानांनी सभा चालवली. तुम्हाला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. पाळकाच्या जागी ज्येष्ठाने चढायचं नसतं, म्हणून व्यासपीठावर पाय ठेवला नाही. खाली, पुरुषांच्या बाजूलाच उभे राहिले. पोटच्या पोराचा निकाल सांगायचा होता, पण आवाज नेहमीसारखाच, कापला नाही की चढला नाही.

त्यांनी म्हटलं, ‘पाळक राहावेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत.’ आणि बाई, तुम्ही बघायला हव्या होतात! आम्ही सगळ्यांनी केले. एकीनेही मागेपुढे पाहिलं नाही. बोल्ग्योहून आलेल्या त्या जाड्या काकूने दोन्ही हात वर केले, तिचा एक मी खाली ओढला. सनयेने बाळाला पाठीशी बांधूनच हात वर धरला. मी इतका वेळ धरला होता की अजून कोबी पिळताना खांदा भरून येतो. इतक्या वर्षांत आम्ही बायकांनी आपापल्या नवऱ्यांविरुद्ध हात वर केल्याची ही पहिलीच वेळ. मला वाटलं, झालं, पोरगा राहिला.

मग यजमान म्हणाले, ‘आता ठराव पाळावा असं वाटणाऱ्यांनी.’ आमच्यातला एकही हात हलला नाही. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, ‘बहुमत ठरावाच्या बाजूने आहे.’ प्रार्थना झाली. संपलं.

तुम्हाला आमची रीत माहीत आहे, प्रत्येक घरची बाई भात शिजवायच्या आधी एक चमचा तांदूळ पाळकासाठी बाजूला काढते आणि रविवारी चर्चच्या मडक्यात आणून ओतते. यजमान म्हणाले, आता त्या तांदळाची गरज नाही. काल बघितलं तर मडकं काठोकाठ भरलं होतं. कुणी रविवारची वाट बघत नाही, नुसती आणून ओतते.

वर्ष संपायच्या आत निघायचं आहे. युनमो सोलला जाऊन काही काम मिळतं का बघेल. तोवर सनये आणि बाळ तुमच्याकडे. तुमची खोली नवी झाली आहे, तेवढी ऊबदार ठेवा. बाळाला डाव्या कुशीवर निजवलं की शांत झोपतं. हे सनयेला ठाऊक आहे, तरी लिहिते.

ओकबुन


गुनसान
३० नोव्हेंबर १९५३

ओकबुनबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा आनंदाने वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मध्येच थांबले.

तुम्ही हात वर केलेत. ते मोजले कुणी?

मी तुमच्या चर्चमध्ये लग्नाच्या दिवशी गेले होते. नवरीकडची म्हणून मला घटकाभर पुरुषांच्या बाजूला पुढे उभं केलं होतं. तिथून मी सनये कुठे बसली आहे ते शोधत होते. पडद्याची शिवण दिसली, पडद्याची भोकं दिसली, आतलं एक माणूस दिसलं नाही. तुमचे यजमान त्याच जागी उभे होते असं तुम्हीच लिहिता. त्यांनी पडदा उचलला होता का? आत कुणाला पाठवलं होतं का? व्यासपीठावर तर ते चढलेच नाहीत.

काय झालं असेल ते मी सांगते. दरवेळी बायका नवऱ्यांबरोबर असतात, म्हणून तुमच्याकडे बायकांचे हात कधी मोजतच नसतील. पुरुष मोजायचे आणि दुप्पट समजायचं. बाई, लढाईनंतर तुमच्या गावात पुरुष उरलेत किती? प्रत्येक बाकावर विधवा बसली आहे.

मी आमच्या पाळकांकडून मंडळीच्या नियमांचं पुस्तक मागून आणलं आणि दिव्याजवळ धरून वाचलं. त्यात ‘बाप्तिस्मा झालेले सभासद’ असं लिहिलं आहे. ‘पुरुष’ असा शब्द कुठेच नाही. म्हणजे तुमच्याकडे मत झालेलंच नाही.

तुमचा मुलगा चुकतो आहे असं मला आजही वाटतं. ज्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले त्यांच्याच बाजूला मी आहे. पण मी अक्षराला धरून जगते. माझ्या फायद्याचं अक्षर तेवढं धरायचं आणि तोट्याचं सोडायचं, हे मला जमणार नाही. तसं करायचं असतं तर माझे यजमान आज दुकानात बसलेले असते.

हे पत्र ज्येष्ठ ताकांना वाचून दाखवा. जसंच्या तसं, एक शब्द गाळू नका. बाळाची रजई कालच भरून आली. पिवळ्या कापडाची आहे. ती मी घडी करून पेटीत ठेवली.

योम दकसून


सोंगदाम
१५ डिसेंबर १९५३

दकसूनबाई,

सगळं सविस्तर लिहिते. तुम्हाला त्याचा हक्क आहे.

पत्र मी जेवताना वाचून दाखवलं, सनये आणि युनमोसमोर. गाळलं काहीच नाही, ‘तुमचा मुलगा चुकतो आहे’ तेसुद्धा मोठ्याने वाचलं. यजमानांनी सारं ऐकलं. मग म्हणाले, ‘त्या बाईला म्हणावं...’ भाताचा वाडगा खाली ठेवला, कोट चढवला आणि भर दुपारी चर्चकडे चालू लागले. मी मागोमाग गेले, थोडं अंतर ठेवून. ते आपल्या त्या जागी जाऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले. मी आपली हळूच आमच्या दाराने आत शिरले, पडद्याआड गेले आणि हात वर केला. का केला कुणास ठाऊक. बाहेर येऊन विचारलं, ‘दिसला?’

म्हणाले, ‘नाही.’

बाई, मी त्यांच्याबरोबर एकोणचाळीस वर्षं काढली आहेत. हा माणूस आयुष्यात कुणाचं एक कणीस चुकून घरी घेऊन आलेला नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सहा तारखेच्या रविवारी उपासना संपताच ते उभे राहिले. म्हणाले, ‘गेल्या खेपेला मी निम्मी मंडळी मोजली आणि पुरी म्हणून सांगितली. ती चूक माझी आहे. पडदा काढा.’ कुणी जागचं हलेना. पुरुष जमिनीकडे बघत होते. शेवटी त्यांनी स्वतःच बाकावर चढून पडद्याच्या कड्या सोडवल्या. पडदा खाली आला आणि आमच्यात नुसता गोंधळ उडाला! म्हाताऱ्यांनी बाह्या तोंडावर धरल्या, बोल्ग्योवाली काकू हसत सुटली, आणि समोर आमचे सगळ्यांचे नवरे, दीर, सासरे. इतकी वर्षं एकाच छपराखाली बसून आम्ही एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती.

मग त्यांनी तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. आम्ही हात वर केले. ते एकेकीकडे बोट करून मोजत गेले. सनयेला मोजलं. मग माझ्यावर आले. माझा हात वर होता, त्यांच्याविरुद्ध, त्यांच्या तोंडासमोर. मला वाटलं होतं मला लाज वाटेल. नाही वाटली. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मला मोजलं आणि पुढे गेले.

‘पाळक राहतील,’ ते म्हणाले. ‘बहुमत तसं आहे.’

आणि त्याच दमात म्हणाले, की महासभेचा ठराव मोडणाऱ्या मंडळीत माझं मन मला राहू देणार नाही, मी ज्येष्ठपद सोडतो. त्यांच्यामागून बाकीचे ज्येष्ठ आणि त्यांच्या विचाराचे पुरुष उठले. आता ते सगळे रविवारी भाताच्या गिरणीत उपासना करतात. चर्चची जमीन माझ्या सासऱ्यांनी दिलेली, ती यांनी परत मागितली नाही. विचारलं तर म्हणाले, ‘दिलेली आहे.’ मी सकाळी त्यांना नाश्ता देते, ते गिरणीकडे जातात, मी चर्चकडे. वाट एकच आहे, विहिरीपर्यंत बरोबर जातो.

महासभेकडून कळवलं आहे की आम्ही तिच्या बाहेर पडलो. असू दे. पाळक आमचा आहे आणि मडक्यात तांदूळ आहे.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. एक अडचण आहे. लेकराच्या बापाला प्रश्न विचारायला मंडळीचा ज्येष्ठ लागतो, बाप स्वतःच स्वतःला कसा विचारणार? आणि ज्येष्ठ तर सगळे गिरणीत. युनमो म्हणतो, बघू. यजमानांनी बजावलं आहे की ते चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाहीत.

तुम्ही याल का? नाही आलात तरी मला समजेल. तुम्ही आमच्यासाठी काय सोडलंत ते मला माहीत आहे, पिवळ्या रजईसकट. युनमोने तुमचं पत्र मागून घेतलं आणि शास्त्रात घालून ठेवलं.

ओकबुन


गुनसान
२६ डिसेंबर १९५३

ओकबुनबाई,

ज्येष्ठ ताकांना माझा सलाम सांगा. पडदा हाताने काढणारा माणूस मला कळतो.

मी काही सोडलं बिडलं नाही, डोळ्यांत पाणी आणणारी वाक्यं लिहू नका. मागच्या खोलीत आता सुकी मासळी ठेवली आहे. जमीन कोरडी आहे, मासळीला चांगली.

नातवाच्या बाप्तिस्म्याला जायचं आहे असं मी आमच्या पाळकांना सांगितलं. ते घाबरले. म्हणाले, ‘महासभेबाहेरच्या मंडळीत आपल्या सभासदाने बसता कामा नये.’ मी विचारलं, ‘बसता कामा नये?’ म्हणाले, ‘बसता कामा नये.’ मी म्हटलं, बरं.

तर मी बसणार नाही. बायकांच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेरच्या दगडावर उभी राहीन, जोडे पायात ठेवून. हसू नका, मी चेष्टा करत नाही. तुमचा मुलगा सांगतो ते मी मान्य केलेलं नाही आणि बाळ मोठं झालं की मोशेबद्दल त्याला मी माझं सांगणार, हे आत्ताच कळवून ठेवते. पण माझ्या नातवाला पाणी लागत असताना मी गुनसानला कोळंबी तोलत बसावं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे?

सकाळच्या गाडीने येईन आणि दुपारच्या गाडीने परत. संध्याकाळच्या उपासनेला इथे दिसले नाही तर आमचे पाळक आजारी पडतील. जेवण ठेवू नका. रजई आणते आहे.

दकसून


सोंगदाम
५ जानेवारी १९५४

दकसूनबाई,

गाडी गाठायच्या घाईत तुम्ही बर्फातून इतक्या झपाझप चालत होतात की मला धाप लागली आणि नीट बोलता आलं नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, ‘तो प्रश्न विचारणारा कोण होता? बाहेरून पाळक आणला होता का?’ आणि मी काही सांगायच्या आत डब्याचं दार लागलं. म्हणून लिहिते.

आधी एक सांगते. काढलेल्या पडद्याचं आम्ही बायकांनी काय करायचं यावर खूप वाद घातला. शेवटी बोल्ग्योवालीच्या सांगण्यावरून निम्म्यात बाळाची झबली शिवली, बाळाने परवा घातलं होतं ते त्यातलंच. उरलेल्यातला मोठा तुकडा याबरोबर पाठवते आहे. दुकानात माशा येतात म्हणालात, दाराला लावा.

आता तो आवाज. तुम्ही बायकांच्या दारात उभ्या होतात. मध्ये भिंतीचा कोपरा आहे, म्हणून तुम्हाला पुरुषांचं दार दिसलं नाही. मला दिसलं. पडदा असता तर मलाही दिसलं नसतं.

युनमोने बाळाला सनयेकडून घेतलं, पाण्याजवळ उभा राहिला आणि थांबला. प्रश्न विचारायला कुणीच नव्हतं. पांगआजोबा ज्येष्ठ नाहीत, तरी उठायला लागले होते. तेवढ्यात दारात सावली पडली. माझे यजमान होते. अंगात कोट, डोक्यावर बर्फ, पाय उंबऱ्याच्या बाहेर आणि जोडे पायात. तुम्ही एका दारात, ते दुसऱ्या दारात, अगदी एकसारखे उभे! मला हसावं की रडावं कळेना. हातात विधीचं पुस्तक होतं, पण त्यांनी ते उघडलं नाही. हा प्रश्न त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना विचारलेला आहे.

‘या लेकराला तू देवाचं वचन शिकवशील का?’

एवढंच विचारलं. मला भीती होती, ते मोशेबद्दल विचारतील, महासभेबद्दल विचारतील. पुस्तकात आहे तितकंच विचारलं, एक अक्षर जास्त नाही. सप्टेंबरपासून ते पोराशी सरळ एक शब्द बोललेले नव्हते. माझ्यामार्फतच चाललं होतं सगळं.

युनमोचे ओठ हलले. मग म्हणाला, ‘होय, बाबा.’

तुमच्या कानावर त्यातलं ‘होय’ तेवढं आलं असेल. त्यानंतर जे झालं ते दारापर्यंत पोचलं नसेल, कारण यजमान हळू बोलले. डोळे पुसले, कोटाच्या बाहीने पुसले, मी पाहिलं, आणि म्हणाले, ‘पुस्तकात बाबा नाही. नुसतं होय म्हण.’

मग तो नुसतं होय म्हणाला.

तुमची,
मो ओकबुन